थकव्याची साक्ष : न मानलेल्या एका आजाराचा आणि त्याच्या रुग्णांचा इतिहास

१/ ‘अंगात त्राण नाही.’ हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, कुठल्याही गावच्या दवाखान्यात हे वाक्य ऐकू येते. त्यावरची उत्तरेही ठरलेली आहेत : रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या, एक सलाईन लावू. बहुतेकांचे त्याने भागते, काहींचे भागत नाही. तपासण्या निर्दोष येतात, थकवा मात्र हलत नाही. मग शेवटचे उत्तर मिळते : ‘तुम्हाला काही झालेले नाही.’ हे उत्तर कसे घडले, कोणी घडवले आणि रुग्णांनी ते मान्य करण्यास कसा नकार दिला, याचा हा धागा.

२/ श्रम केल्यावर थकवा येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. श्रम न करता येणारा थकवा ही निराळी गोष्ट आहे, हेही फार पूर्वी ओळखले गेले होते. सुश्रुतसंहितेत अशा थकव्याला ‘क्लम’ असे स्वतंत्र नाव आहे. धाप नाही, कष्ट नाहीत, तरीही देह गळून गेलेला. पश्चिमेकडे १८६९ मध्ये जॉर्ज बिअर्ड या अमेरिकी वैद्याने ‘न्यूरस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंची झीज, ही संज्ञा रूढ केली. आगगाडी, तारायंत्र आणि धावपळीचे शहरी जीवन यांवर त्याने त्याचे खापर फोडले. पुढे हे निदान मागे पडले, पण रुग्ण उरलेच.

३/ विसाव्या शतकात या थकव्याने साथीचे रूप दाखवले. १९३४ मध्ये लॉस एंजेलिस येथे पोलिओची साथ चालू असताना तेथील काउंटी जनरल हॉस्पिटलचे १९८ कर्मचारी आजारी पडले. दुखणे पोलिओसारखे वाटे, पण अर्धांगवायू क्वचितच होई. बरे व्हायला मात्र महिनोन्महिने लागत आणि काही जण पूर्वीसारखे कधीच झाले नाहीत. १९४८-४९ च्या हिवाळ्यात आइसलँडमधील आकुरेयरी या गावात चारशेहून अधिक लोकांना असाच आजार झाला. तोवर त्याला सर्वमान्य नाव नव्हते.

४/ नाव मिळाले ते लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमुळे. महाराष्ट्राच्या इतिहासाशी या रुग्णालयाचे जुने नाते आहे. ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’च्या विद्यार्थिनींना प्रत्यक्ष रुग्णांजवळ शिकण्याची संधी याच रुग्णालयाने दिली आणि त्या विद्यार्थिनींत मुंबईच्या रखमाबाई होत्या. बालपणी लागलेले लग्न मान्य नाही, असे त्यांनी न्यायालयात सांगितले होते. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नवऱ्याच्या घरी जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

५/ १३ जुलै १९५५ रोजी रॉयल फ्रीमध्ये पहिले रुग्ण आढळले. ताप, घसादुखी, सुजलेल्या लसिकाग्रंथी, डोके व मान दुखणे, स्नायूंत विलक्षण अशक्तता. २५ जुलैला रुग्णालय बंद करावे लागले, ते ५ ऑक्टोबरलाच उघडले. नोव्हेंबरपर्यंत २९२ कर्मचारी आजारी पडले होते आणि त्यांपैकी २५५ जणांना दाखल करावे लागले. त्यांत परिचारिकांची संख्या मोठी होती. आधीपासून खाटेवर असलेल्या रुग्णांपैकी मात्र केवळ १२ जणांना बाधा झाली. योगायोग असा, की रुग्णालयाची दारे बंद असतानाच, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, इकडे रखमाबाईंचे निधन झाले.

६/ १९५६ मध्ये ‘लॅन्सेट’ने एका अग्रलेखात या आजाराला ‘बिनाइन मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ असे नाव सुचवले. स्नायुदुखीसह मेंदू व मज्जारज्जूचा दाह, असा त्याचा अर्थ. ‘बिनाइन’ म्हणजे सौम्य, कारण कोणी दगावत नव्हते. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्यांना हे विशेषण बोचणे स्वाभाविक होते आणि काळाच्या ओघात ते गळाले. उरलेल्या नावाची आद्याक्षरे म्हणजे एमई. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची नोंद मज्जासंस्थेच्या विकारांत केली.

७/ पण पुढच्याच वर्षी पारडे फिरले. १९७० मध्ये मॅकएव्हडी आणि बिअर्ड या दोन ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी (न्यूरस्थेनियावाला बिअर्ड वेगळा) ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रॉयल फ्रीच्या साथीचा फेरविचार मांडला. त्यांचा निष्कर्ष : हा सामूहिक उन्माद, म्हणजेच हिस्टेरिया, असावा. बाधितांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार. त्यांनी जुनी केसपत्रे वाचली होती, रुग्णांना मात्र तपासले नव्हते.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. केसपत्र हे साधन आहे आणि प्रत्येक साधनाप्रमाणे तेही कोणीतरी, कशासाठी तरी लिहिलेले असते. साथीच्या धांदलीत डॉक्टरने टिपलेल्या चार ओळींत रुग्णाचा अनुभव किती उतरतो? आणि पंधरा वर्षांनी त्या स्त्रियांपैकी अनेक जणी हयात असताना त्यांना विचारावे असे का वाटले नाही? रखमाबाईंच्या खटल्यातही त्यांचे म्हणणे नोंदवले गेले होतेच. नोंदवणे आणि ग्राह्य धरणे यांतील अंतर हा या दोन्ही प्रसंगांचा समान धागा आहे.

९/ रॉयल फ्रीचे डॉक्टर मेल्विन रॅम्से यांनी या निष्कर्षाला आयुष्यभर विरोध केला. ताप, सुजलेल्या ग्रंथी आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंवरील परिणाम उन्मादाने कसे होतील, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी एक लक्षण नेमके टिपले : थोड्याशा श्रमानंतरही स्नायूंची शक्ती परत यायला तीन, चार, पाच दिवस लागतात. सर्वसाधारण थकवा झोपेने जातो, हा झोपेने जात नाही आणि श्रमाने बळावतो. आज हेच लक्षण या आजाराच्या निदानाचा कणा मानले जाते. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुग्णांची संघटना उभी राहिली, तेव्हा रॅम्से तिच्या पाठीशी होते.

१०/ १९८४-८५ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात, टाहो सरोवराकाठच्या इन्क्लाइन व्हिलेज येथे पॉल चेनी व डॅनियल पीटरसन या डॉक्टरांकडे अशा रुग्णांची रीघ लागली. वृत्तपत्रांनी आजाराला ‘यप्पी फ्लू’ म्हणून हिणवले. सुखवस्तू तरुणांचे नखरे, असा सूर होता. १९८८ मध्ये अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, अधिकृत नाव ठरवले : ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’, म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा लक्षणसमूह. रुग्णांचा आक्षेप साधा होता. क्षयरोगाला ‘दीर्घकालीन खोकला’ म्हटले, तर त्याच्या संशोधनासाठी पैसे कोण देईल?

११/ म्हणून अमेरिकेतील रुग्णांनी नाव स्वतःच दुरुस्त केले. त्यांच्या संघटनेने अधिकृत नावात ‘इम्यून डिसफंक्शन’, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतील बिघाड, हे शब्द घातले. यामागे केवळ अभिमान नव्हता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही प्रयोगशाळांना या रुग्णांच्या रक्तात ‘नॅचरल किलर’ पेशींचे काम मंदावलेले दिसू लागले होते. १९९० मध्ये मायामीच्या नॅन्सी क्लायमस यांच्या गटाने त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. विषाणूने बाधित झालेल्या पेशी ओळखून मारणे हे या पेशींचे काम. रुग्णांच्या हाती प्रथमच रक्तातील पुरावा आला होता.

१२/ हा पुरावा थकव्याशी कसा जोडला जातो, हे समजून घ्यावे. फ्लू झाल्यावर गळून जायला होते, ते केवळ विषाणूमुळे नव्हे. विषाणूशी लढताना प्रतिकारयंत्रणा सायटोकाइन नावाची संदेशद्रव्ये सोडते आणि ती मेंदूला ‘पडून राहा’ असा हुकूम देतात. ताप, अंगदुखी, भूक न लागणे हे सारे त्या हुकमाचे भाग. लढाई संपली की हुकूम मागे घेतला जातो. संशोधकांचा तर्क असा, की या रुग्णांत तो मागे घेतलाच जात नसावा. शत्रू गेला, पण संचारबंदी उठली नाही.

१३/ तर्क आकर्षक होता, पण सिद्ध करणे कठीण ठरले. एका प्रयोगशाळेचे निष्कर्ष दुसरीत जुळत नसत. पैशाची चणचण होतीच आणि तिला सरकारी दुर्लक्षाची जोड मिळाली. १९९९ मध्ये अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षणातून उघड झाले, की या आजारासाठी म्हणून दाखवलेल्या निधीतील ८८ लाख डॉलर सीडीसीने इतर कामांवर खर्च केले होते आणि आणखी ४१ लाखांचा धड हिशेब नव्हता. आपल्या आजाराला दुय्यम लेखले जाते, हा रुग्णांचा संशय निराधार नव्हता.

१४/ ऑक्टोबर २००९ मध्ये आशेचा मोठा स्फोट झाला. ‘सायन्स’ या नियतकालिकात नेवाडातील एका संस्थेच्या संशोधकांनी दावा केला, की १०१ पैकी ६८ रुग्णांत एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडला, तर निरोगी २१८ जणांत तो केवळ ८ जणांत होता. जगभरचे रुग्ण हा शोधनिबंध ओळ न् ओळ वाचू लागले. कोणी तपासण्या करून घेतल्या, कोणी एचआयव्हीवरील औषधे सुरू केली. दुसऱ्या प्रयोगशाळांना मात्र हा विषाणू सापडेना. अखेर उलगडा झाला : तो विषाणू प्रयोगशाळेतच, उंदरांवरील कर्करोगाच्या प्रयोगांतून, जन्मला होता आणि नमुन्यांत मिसळला होता. डिसेंबर २०११ मध्ये ‘सायन्स’ने निबंध मागे घेतला.

१५/ दुसरी आशा नॉर्वेतून आली. बर्गेन येथील कर्करोगतज्ज्ञ ओइस्टाइन फ्लुगे व ओलाव मेला यांच्या लक्षात आले, की लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका रुग्णाचा जुना थकवाही ओसरला. त्यावरून रिटुक्सिमॅब या औषधाची चाचणी झाली. हे औषध प्रतिपिंडे बनवण्याच्या कामातील ‘बी’ पेशी नष्ट करते. २०११ च्या लहान चाचणीत औषध घेतलेल्या १५ पैकी १० जणांना बरे वाटले, तर औषधाविना असलेल्या १५ पैकी केवळ दोघांना. पुढील मोठ्या चाचणीसाठी रुग्णांनी वर्गणी जमवली. तिच्यात १५१ रुग्ण होते. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषधाचा उपयोग नाही.

१६/ या दोन पराभवांत एक बोधप्रद गोष्ट आहे. ज्यांना ‘आजाराची हौस असलेले’ म्हटले गेले, त्याच रुग्णांनी विरोधी पुरावा समोर आल्यावर, दुःखाने का होईना, तो मोठ्या संख्येने स्वीकारला. आणि जेथे पुरावा कच्चा वाटला तेथे हट्टही धरला. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ने ६४१ रुग्णांवरील ‘पेस’ नावाची ब्रिटिश चाचणी छापली होती. समुपदेशन आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम यांनी रुग्ण सुधारतात, असे तिचे म्हणणे. व्यायामाने आपली प्रकृती ढासळते, हा तर रुग्णांचा रोजचा अनुभव होता.

१७/ रुग्णांनी निबंध बारकाईने वाचला आणि त्यांच्या ध्यानात आले, की ‘बरे झाले’ याची व्याख्या चाचणी सुरू झाल्यानंतर सैल करण्यात आली होती. त्यांनी ब्रिटनच्या माहिती अधिकार कायद्याखाली मूळ आकडेवारी मागितली. विद्यापीठाने नकार दिला. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने आकडेवारी द्यायला लावली. आधी ठरवलेल्या निकषांनी मोजल्यावर बरे होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवरून एकअंकी आकड्यावर आले. चाचणीच्या कर्त्यांनी आपली बाजू सोडली नाही. तथापि ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने नव्या मार्गदर्शिकेतून तो व्यायामोपचार काढून टाकला.

१८/ आता पुन्हा आपल्याकडे. भारतात या आजाराची साथ म्हणून चर्चा झाली नाही, पण थकव्याचा एक महत्त्वाचा अभ्यास गोव्यात झाला. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातील १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी केली आणि २००५ मध्ये ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १२.१ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. ‘रक्त कमी आहे’ हे घराघरातले उत्तर या पाहणीत टिकले नाही : थकवा आणि हिमोग्लोबिनची पातळी यांचा संबंध आढळला नाही.

१९/ मग संबंध कशाशी आढळला? कर्जाशी. उपासमारीशी. नवऱ्याने केलेल्या लैंगिक हिंसेशी, वैधव्याशी, घरात निर्णयाचा अधिकार नसण्याशी, मानसिक त्रासाशी. यावरून ‘पाहा, हे मनाचेच आहे’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. या अभ्यासाचा विषय थकवा हे लक्षण होते, एमई हा आजार नव्हे. आणि मुख्य म्हणजे कर्ज, भूक व मार हे ‘मनाचे खेळ’ नाहीत. ते देहावरच घडतात. लंडनच्या परिचारिकांचा थकवा उन्माद ठरला आणि आपल्याकडच्या बायकांचा थकवा गोळ्यांच्या पाकिटात बसवला गेला. दोन्हीकडे विचारणे राहून गेले.

२०/ याचा अर्थ रक्तक्षय खोटा आहे असा नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाच्या गोळ्या आवश्यक आहेतच. पण निम्म्याहून अधिक स्त्रियांना लागू पडणारे एक उत्तर हाताशी असले, की उरलेले प्रश्न विचारण्याची सवय मोडते. जो आजार सर्व तपासण्यांनंतर उरतो, त्याच्यापर्यंत पोहोचायला आधी त्या तपासण्या परवडाव्या लागतात. अशा रुग्णांची नोंद कमी आढळणे आणि असे रुग्ण कमी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२१/ विषाणू गेल्यावरही न जाणारे दुखणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा विषाणू जवळपास दिसेनासा झाला आणि २००५ च्या अखेरीस परतला. २००६ मध्ये देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि मराठवाडाही त्यातून सुटला नाही. ताप चार दिवसांत उतरे, सांधे मात्र अनेकांचे महिनोन्महिने धरलेले राहत. ‘ताप गेला, मग दुखते कसे?’ हा प्रश्न तेव्हा गावोगाव विचारला गेला. त्याचे उत्तर पुन्हा प्रतिकारयंत्रणेतच शोधले गेले.

२२/ २०२० मध्ये हाच प्रश्न साऱ्या जगाने विचारला. कोरोनातून ‘बरे’ झालेले असंख्य लोक बरे झालेच नाहीत. या अवस्थेला ‘लाँग कोविड’ हे नाव कोणा तज्ज्ञ समितीने दिलेले नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन रुग्ण स्त्रीने ते समाजमाध्यमावर वापरले आणि रुग्णांनी ते रूढ केले. पेरेगो व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ आहेत. १९५६ मध्ये नाव लॅन्सेटने दिले, १९८८ मध्ये सीडीसीने. २०२० मध्ये रुग्णांनी दिलेले नाव डॉक्टरांनी स्वीकारले. चौसष्ट वर्षांत झालेला हा बदल लहान नव्हे.

२३/ पैसा आणि लक्ष मिळाल्यावर संशोधनही वेगाने पुढे सरकले. २०२३ मध्ये येल विद्यापीठातील अकिको इवासाकी आणि सहकाऱ्यांना लाँग कोविडच्या रुग्णांत दमलेल्या ‘टी’ पेशी, कॉर्टिसॉलची कमी पातळी आणि शरीरात सुप्त असलेले जुने विषाणू पुन्हा जागे झाल्याच्या खुणा दिसल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘डिकोडएमई’ या ब्रिटिश प्रकल्पाने एमईच्या १५,५७९ रुग्णांच्या डीएनएचा अभ्यास समीक्षापूर्व मसुद्याच्या रूपात जाहीर केला. त्यात आजाराशी निगडित आठ जनुकीय ठिकाणे दिसली, काही प्रतिकारयंत्रणेशी तर काही मज्जासंस्थेशी नाते सांगणारी. या प्रकल्पाच्या आखणीत रुग्ण पहिल्यापासून भागीदार होते.

२४/ तरीही एका रक्ततपासणीने निदान होईल, असा दिवस अजून उजाडलेला नाही. कारण पूर्णपणे उलगडलेले नाही, खात्रीचे औषध नाही. २००९ ची आठवण असलेले रुग्ण प्रत्येक नवा निष्कर्ष सावधपणे वाचतात : रुग्ण किती होते, तुलना कोणाशी केली, दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच दिसले का? साधनचिकित्सेचे हे धडे इतिहासाच्या वर्गात शिकवले जातात. त्यांनी ते अंथरुणावर पडून शिकले.

२५/ या इतिहासात चूक एकच आहे आणि ती वारंवार घडलेली आहे : पुरावा सापडला नाही, म्हणून आजारच नाही असे मानणे. १९५५ मध्ये ‘टी’ पेशींचा थकवा मोजण्याचे साधनच नव्हते. साधन नव्हते म्हणून रॉयल फ्रीच्या परिचारिका खोट्या ठरल्या नाहीत, त्या फक्त आपल्या काळाच्या आधी बोलत होत्या. ‘अंगात त्राण नाही’ हे वाक्य कळमनुरीच्या दवाखान्यात उद्याही उच्चारले जाईल. त्यावर गोळी द्यावी, तपासणीही करावी. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा : ‘कधीपासून?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे.

(धागा समाप्त)

#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास #रखमाबाई #मराठी